डोक्यावरचं थापटणं

आपण कथा लिहितो असं धाराशिव जिल्ह्यात कुणी सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "बरं, आणि करता काय?" लिहिणं हे करण्यात मोडत नाही. लोक शेती करतात, नोकरी करतात, राजकारण करतात. काहीच न करणारा माणूससुद्धा 'प्लॉटिंगचं बघतो' असं सांगून सुटतो. कथा मात्र फावल्या वेळात, शक्यतो घरच्यांना कळू न देता लिहायची. दुसरा प्रश्न असतो, "छापून यायला आपल्याला किती द्यावे लागतात?" हे विचारणाऱ्याला कमी लेखू नये. मराठी प्रकाशन व्यवहाराचं इतकं नेमकं आकलन मी मोठमोठ्या परिसंवादांतही ऐकलेलं नाही.

तिसरा प्रश्न जरा दमानं येतो. चहा संपला, बशी खाली ठेवली, तोंड पुसलं, की माणूस पुढं सरकून म्हणतो, "आमच्यावर लिहा की राव कायतरी. माझ्या आयुष्यावर कादंबरीच होईल." 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर भरली होती. म्हणजे तेवढ्या कादंबऱ्या सध्या जिल्ह्यात शिल्लक आहेत आणि रोज नव्या जन्माला येताहेत.

या कादंबऱ्यांचा विषय बहुतेक वेळा बांध हा असतो. चुलतभावानं बांध कोरला, हद्दीचा दगड सरकवला, मोजणी आली, मोजणीवाल्यानं जेवण एकाकडं केलं आणि खुणा दुसऱ्याच्या बाजूनं रोवल्या. ऐकताना अंगावर काटा येतो. पण कथानक देणाऱ्याच्या अटी असतात. गट नंबर खरा पाहिजे. चुलतभावाचं नाव खरं पाहिजे, आपलं मात्र बदलायचं. आणि शेवटी आपण जिंकलो असं दाखवायचं. "पण दावा तर अजून चालू आहे ना?" असं विचारलं तर उत्तर मिळतं, "म्हणून तर तुमच्याकडं आलो." कोर्टात तारीख मिळते, कथेत निकाल मिळतो, हे मी वाचलेल्या कुठल्याच साहित्यशास्त्राच्या पुस्तकात नाही. साहित्याचं प्रयोजन आमच्या तालुक्यात बांधावर सापडतं.

एवढं करून कथा लिहिली आणि छापून आली, तर ती कुणी वाचत नाही. पण ती आली आहे हे सगळ्यांना कळतं. मग ओळखपरेड सुरू होते. ज्याला समोर ठेवून कंजूष सावकार रंगवला, तो रस्त्यात गाठून पाठ थोपटतो, "झकास उतरलाय! अगदी असाच एक माणूस आमच्या गल्लीत आहे." आणि ज्याचा कथेशी काडीचा संबंध नाही, असा सोयरा लग्नाच्या पंगतीत पाठ फिरवून बसतो, कारण कथेतल्या माणसाच्या म्हशीला एकच शिंग आहे आणि ह्याच्याही. स्वतःला ओळखायचं कसब माणसाला फार थोडं असतं; शेजाऱ्याला ओळखायचं मात्र उपजत असतं. कथालेखकाचा धंदा या फरकावर चालतो.

लेखकाला पत्ता लागतो. तो आमच्याकडं सहज मिळत नाही. आमच्या पारावर नव्वदीच्या घरातले एक आजोबा बसतात. ते जन्मले निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 नंतर ते भारतातल्या हैदराबाद राज्यात आले, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात पोचले आणि 2023 साली उस्मानाबादहून धाराशिवला आले. या सगळ्या प्रवासात ते पारावरून उठलेले नाहीत. कथेतलं पात्र स्वयंपाकघरातून ओसरीत आणताना आमचा घाम निघतो. सरकारनं अख्खा माणूस न हलवता चार राज्यांतून फिरवून आणला. पुस्तकाच्या मलपृष्ठावर आता लेखकाचा परिचय येतो : जन्म उस्मानाबाद, वास्तव्य धाराशिव. वाचकाला वाटतं, चला, लेखकानं दुनिया पाहिली आहे. नामांतर पोचलं नाही ते एकाच रहिवाशापर्यंत. पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत आमची जगप्रसिद्ध काळी शेळी अजूनही उस्मानाबादीच आहे.

रा. रं. बोराडे यांचं तर याहून अवघड झालं. त्यांचा जन्म 1940 चा, काटगावचा. गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं. 1982 च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि काटगाव तिकडं गेलं. वाटण्यांमध्ये भांडी जातात, बैल जातात, विहिरीचं पाणी पाळीनं वाटून घेतात. आमच्या वाटणीत थोरला कथाकार गेला. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी मात्र त्याआधीच, 1971 मध्ये आलेली असल्यामुळं तिच्यावर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क आहे असं आम्ही धरून चालतो. खेड्यातल्या हेकट शिंप्याची गोष्ट त्याची बायको पारबती सांगते, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्याच बोलीत सांगते. हे आज सोपं वाटतं. पण तोवर ग्रामीण कथेत साधारण रीत अशी, की पात्रं गावाकडचं बोलायची आणि लेखक मध्येमध्ये सदाशिव पेठेतून निवेदन करायचा. एका परिच्छेदात "आरं कुटं चाललास?" आणि पुढच्याच ओळीत "असे म्हणून तो खिन्नपणे क्षितिजाकडे पाहू लागला." आमच्याकडं क्षितिजाकडं खिन्नपणे कुणी पाहत नाही. ढग आलेत का एवढं बघतात आणि आत जातात.

ढगांवरून आठवलं. शहरातल्या संपादकांना आमच्या जिल्ह्यातून दुष्काळच हवा असतो. कथेत पाऊस पडला, की फोन येतो : "कथा चांगली आहे, पण ही तुमच्या भागातली वाटत नाही." नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे, पावसाळ्यात नर-मादी धबधबे पडायला लागले की तिथं पाय ठेवायला जागा नसते, हे त्यांना सांगून पटत नाही. नायकानं कुंथलगिरीचा पेढा खाल्ला तर तेही खटकतं. पिठलं-भाकरी खाल्ली तर चालते. कांदा फोडून खाल्ला तर मानधन मिळण्याचीही शक्यता निर्माण होते. दुष्काळ खरा आहे, तो आम्ही भोगतो. पण दुष्काळी भागातला माणूस दिवसाचे चोवीस तास दुष्काळीच नसतो. तो लग्नात नाचतो, उधारीवर गुलाबजाम खातो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वाटेल त्या पार्ट्या बदलतो आणि संध्याकाळी पारावर बसून त्याचंच हसं करतो. कथेत हे सगळं मावत नाही असं नाही. दिवाळी अंकाच्या चौकटीत मावत नाही.

दिवाळी अंक ही आपली थोर परंपरा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांनी सोयाबीनचा विचार केला नव्हता. करण्याचं कारणही नव्हतं, कारण ते पीक आमच्याकडं फार नंतर आलं. पण परिणाम असा, की संपादकाचं पत्र येतं पेरणीच्या वेळी, कथेची मुदत संपते फवारणीच्या वेळी आणि अंक हातात पडतो काढणी-मळणीच्या धांदलीत. मधल्या काळात नवरात्र. तुळजापूरच्या रस्त्यानं माणसांची रीघ लागलेली, घरात चार गावचे पाहुणे मुक्कामाला, आणि लेखक माळवदावर जाऊन विरामचिन्हं तपासतोय. त्यातून शेतीची वीज आली रात्रीची. मोटार चालू करायला बाराला उठायचं आणि दारं मोडत पहाटेपर्यंत जागायचं. मराठीतल्या ग्रामीण कथेत रात्रीची वर्णनं इतकी बारीक का, यावर कुणाला प्रबंध लिहायचा असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात न जाता महावितरणचं वेळापत्रक मागवावं.

मग या धंद्यात टिकतं कोण? तर पगारदार. पूर्वी साहित्याला राजे आश्रय द्यायचे, मराठवाड्यात तो वेतन आयोगानं दिला. बोराडे प्राध्यापक आणि प्राचार्य, भास्कर चंदनशिव प्राध्यापक. आणि आज तालुक्या-तालुक्यातून लिहिणाऱ्यांची यादी काढली तर ती जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या सेवाज्येष्ठता यादीशी बरीच जुळेल. शिक्षक असण्याचा आणखी एक फायदा आहे. मतदार यादी, जनगणना, शौचालयांचं सर्वेक्षण या निमित्तानं सरकार त्याला घरोघरी पाठवतं. कादंबरीकाराला ज्या घरात शिरायला दहा वर्षं लागतील, तिथं हा अर्ज घेऊन थेट चुलीपर्यंत जातो.

चंदनशिव कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. त्यांची 'लाल चिखल' ही कथा शाळेच्या मराठीच्या पुस्तकात होती, त्यामुळं आमच्याकडं ती साहित्याशी वैर असलेल्यांनीही वाचलेली आहे. शेतकरी पोराला घेऊन टोमॅटो बाजारात आणतो, भाव कोसळलेला असतो, आणि शेवटी तो स्वतःच्या पायानं टोमॅटोचा चिखल करतो. शेतमालाच्या शोषणाबद्दल भाषण नाही, व्यवस्थेला उद्देशून प्रश्न नाही. नुसता बाप नाचतो आणि पोरगं बघतं. एका कार्यशाळेत शहरातून आलेले तज्ज्ञ मार्गदर्शक दीड तास समजावत होते, की कथेत सांगू नका, दाखवा. मागच्या रांगेतला एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "म्हंजे त्या टमाट्यावाल्यासारखं." दीड तास वाचला असता. लेखकमंडळींना आपलं लिखाण कालबाह्य होईल अशी फार भीती असते. आमच्या जिल्ह्यात बाजारभावानं ती भीती ठेवलेली नाही. 'लाल चिखल' छापून आली तेव्हा जितकी ताजी होती तितकीच आजही आहे, आणि तिच्या लेखकालाही या अमरत्वाचा फारसा आनंद झाला असेल असं वाटत नाही.

हे झालं लिहिणाऱ्यांचं. पण लिहिलेलं भाजलंय की नाही, हे कोण सांगणार? या बाबतीत आमचा जिल्हा पुण्यामुंबईच्या कितीतरी पुढं आहे. मराठी समीक्षेचा इतिहास लोक विश्वविद्यालयांपासून सुरू करतात. तो सुरू व्हायला हवा तेरपासून. तेर म्हणजे तेरणेकाठचं प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड पैठणमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून रोमन जगात जायचं; 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक ग्रंथात तगरचं नाव आहे. आज इथून निघालेली कथा पुण्यात पोचायला जे करावं लागतं ते पाहता, त्या व्यापाऱ्यांचं खरंच कौतुक वाटतं.

या तेरमध्ये गोरोबाकाका कुंभार. परंपरा सांगते, की त्यांच्या घरी संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे काय? काका म्हणाले, ह्यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मुक्ताबाई म्हणाली, मग बघा की आमची मडकी. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटी मारत निघाले. सगळे मुकाट बसून राहिले. नामदेवमहाराज तेवढे चिडले. निकाल तिथल्या तिथं लागला : हे मडकं कच्चं.

नामदेवांची बाजूही समजून घेतली पाहिजे. कीर्तनाला तुडुंब गर्दी, अभंग लोकांच्या तोंडात आणि खुद्द पांडुरंग घरातला. विठ्ठलाची प्रस्तावना ज्याच्या खिशात आहे, अशा कवीच्या डोक्यावर एका खेड्यातला कुंभार लाकूड आपटतो! नामदेव तडक पंढरपूरला वरिष्ठांकडं तक्रार घेऊन गेले. पण विठ्ठलानं खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला आणि त्यांना विसोबा खेचरांकडं पाठवलं. नामदेव गेले, शिकले. आजचा लेखक अशा वेळी विसोबाकडं जात नाही. तो वेगळा गट काढतो, गोरोबाकाकांना पूर्वग्रहदूषित ठरवतो आणि पुढच्या वर्षी स्वतःच्याच नावानं मडकं पुरस्कार सुरू करतो.

जानेवारी 2020 मध्ये, 10 ते 12 तारखेला, 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, आणि मंडपाला नाव दिलं होतं संत गोरोबाकाका साहित्यनगरी. आता ज्या माणसानं आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं डोकं तपासलं, त्याच्या नगरीत महाराष्ट्रभरचे लेखक येणार म्हटल्यावर प्रवेशद्वारावर निदान एक थापटणं तरी टांगलेलं असेल अशी माझी समजूत होती. तिथं हार होते. उद्घाटनाला ना. धों. महानोर आले होते. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून आधी कुरबुर झाली होती. मला त्यांची निवड फार योग्य वाटली. माणसांचे कबुलीजबाब आयुष्यभर ऐकायचे आणि कुणाजवळ बोलायचे नाहीत, हा संयम कथालेखकानं हेवा करावा असा. आम्ही कुणाचं दुःख ऐकलं की रात्रीतून दोन हजार शब्द करतो. त्या तीन दिवसांत पुस्तकं मात्र लोकांनी पिशव्या भरभरून नेली. आणि दोनच महिन्यांत टाळेबंदी लागल्यामुळं त्यांतली काही वाचलीही गेली.

मंडपात थापटणं नव्हतं म्हणून ते जिल्ह्यातून गेलं असं नाही. ते फक्त व्यासपीठावर नसतं, खाली बसलेलं असतं. तालुक्याच्या वाचनालयात मध्यंतरी कथावाचन होतं. एका तरुणानं कथा वाचली. येळवशीची रात्र, रानात कडब्याची कोप, वर पुनवेचा चंद्र, आणि दोघंजण निःशब्द. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूर-धाराशिवची गावंच्या गावं रानात जाऊन भज्जी, आंबील, उंडे खातात आणि बाजारपेठेत चिटपाखरू नसतं. वाचन संपलं, टाळ्या झाल्या. नातवाला घेऊन आलेल्या एक आजी पुढच्या रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरा, गोष्ट ग्वाड हाय तुजी. पर येळवस आवसंलाच असती."

तरुण मराठी विषय घेऊन एम.ए. झालेला. तो म्हणाला, "आजी, तो चंद्र प्रतीकात्मक आहे."

"आसंल बाबा," आजी म्हणाल्या. "मग त्यो पोरगा ब्याटरी कशाला घिऊन आला?"

सभागृह हसलं. पोरगं लाल झालं. अध्यक्षांनी समारोपात "कलात्मक सत्य आणि वास्तव सत्य" यांवर वीस मिनिटं घेऊन त्याला वाचवायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांना समजलं होतं, की मडक्याचा आवाज कुठं बद्द आलाय.

हा तरुण मात्र नामदेवांच्या वाटेनं गेला. त्यानं चंद्र काढून टाकला. चंद्र काढल्यावर रानात अंधार झाला. अंधारात दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना, त्यामुळं निःशब्द राहून चालेना. त्यांना बोलावं लागलं. बोलायला लागल्यावर कळलं, की पोरीचं लग्न दुसरीकडं ठरलंय आणि हा तिचा निरोप घ्यायला आलेला नाही, बापानं तिच्या बापाकडून घेतलेल्या उसन्या पैशाची मुदत वाढवून मागायला आलाय. बॅटरी असूनही तो ती लावत नाही, कारण हे बोलताना तिनं आपलं तोंड बघू नये. पहिल्या मसुद्यात प्रेमकथा होती. दुसऱ्यात कथा झाली. लेखनाच्या तंत्रावरची पुस्तकं मी वाचली आहेत. पात्रचित्रण, दृष्टिकोन, संघर्ष यांवर त्यांत प्रकरणं असतात. एक खोटा चंद्र काढला तर हे सगळं आपोआप जागेवर येतं, एवढं मात्र त्यांत दिलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. शहरातला संपादक आमची कथा तपासतो ती त्याच्या मनातल्या आमच्या जिल्ह्याशी ताडून. गावातली आजी तपासते ती पंचांगाशी. संपादकाच्या कसोटीला उतरायला दुष्काळ घालावा लागतो. आजीच्या कसोटीला उतरायला अंधार घालावा लागतो, आणि तो कुठल्या तिथीचा आहे ते माहीत असावं लागतं. श्रावणात हुरडा खाणारे नायक आणि भर उन्हाळ्यात ज्वारीच्या डोलत्या कणसांत हरवणाऱ्या नायिका पुण्यात सहज खपतात. त्या कळंबच्या आठवडी बाजारापर्यंत जिवंत पोचत नाहीत. बारीकसारीक खोटं पकडणारा श्रोता असला, की लेखकाला मोठं खोटं धाडसानं बोलता येतं. आणि कथा म्हणजे शेवटी तेच.

परवा तोच तरुण विचारायला आला, "सर, कथेचा शेवट कुठं करावा?" मी त्याला उघडा शेवट, धक्कादायक शेवट, मौनाचा शेवट असे प्रकार सांगत होतो. तो म्हणाला, "तसं नाही. आपल्या वाचनालयातून लोक आठला उठतात, कारण गावाकडची मुक्कामी गाडी सव्वाआठला सुटते. ती चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते. माझी कथा सव्वाआठच्या पुढं जाते."

मी त्याला सांगितलं, श्रोता पिशवी उचलतो ती कथेची शेवटची ओळ समजावी. त्यापुढचं जे काही आहे ते दिवाळी अंकाला पाठवावं. त्यांची गाडी सुटत नसते.